प्रॉडक्ट डिझायनरने नो-कोड कुठून शिकायला घ्यावं

प्रश्न असा आला आहे: "मी साडेतीन वर्षं प्रॉडक्ट डिझायनर आहे. फिग्मा चांगलं येतं, कोड अजिबात येत नाही. ऑफिसात जो तो म्हणतो, नो-कोड शिकून घे. वेबफ्लो, फ्रेमर, बबल, ग्लाइड, फ्लटरफ्लो यांतलं काय शिकू, किती दिवस लागतील, आणि पंचवीस-तीस हजारांचा कोर्स लावावा का?"

शिका, नक्की शिका. (नो-कोड म्हणजे कोड न लिहिता ॲप किंवा वेबसाइट उभी करू देणारी टूल्स; फिग्मा म्हणजे स्क्रीनचं डिझाइन काढायचं टूल.) फक्त "डेव्हलपर नसला तरी ॲप बनवता येईल" एवढ्यासाठीच शिकत असाल तर जरा थांबा. तुमच्या कंपनीचं प्रॉडक्ट कुणी उचलून बबलवर नेणार नाही, आणि तुमच्या टीममधले डेव्हलपरही कुठे जाणार नाहीत. शिकायचं ते यासाठी, की फिग्मात आपल्याला पुष्कळ गोष्टी न ठरवताच पुढे जाता येतं. कार्डावर "३ प्रती उपलब्ध" असं लिहायला टेक्स्ट टूल पुरतं. तो ३ कुठे साठवलाय, कोण बदलतं, चुकला तर कुणाच्या लक्षात येईल, हे तिथे कुणी विचारत नाही. नो-कोड टूल पहिल्या दहा मिनिटांत विचारतं, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकू देत नाही. १४ वर्षं हे काम केल्यावर मला वाटतं, डिझायनरला या टूल्सकडून मिळण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे.

म्हणून माझा सल्ला ऐकायला उलटा वाटेल. ज्या टूलमध्ये स्क्रीन देखणी करता येत नाही, त्यापासून सुरुवात करा. वेबफ्लो आणि फ्रेमर नंतर घ्या. का, ते एका कामावरून सांगते, कारण मी स्वतः तिथेच शिकले.

आमच्या ओळखीच्या एक काकू पुण्यात, सदाशिव पेठेत, खासगी वाचनालय चालवतात. साडेतीनशेच्या आसपास सभासद, सहाएक हजार पुस्तकं, मासिकं, आणि दिवाळीनंतर तीन महिने चालणारी दिवाळी अंकांची योजना. सगळा कारभार दाखल नोंदवही, सभासदांची कार्डं आणि काकूंची स्मरणशक्ती यांवर. एकदा त्यांनी विचारलं, "हे सगळं फोनवर येईल का गं?" मी हो म्हटलं आणि सवयीने फिग्मा उघडलं. दोन रविवारांत २२ स्क्रीन झाल्या. मुखपृष्ठांची ग्रिड, पुस्तकाचं पान, त्यावर हिरवा "उपलब्ध" टॅग. काकूंना आवडलं.

मग ॲपशीट उघडलं. ॲपशीट म्हणजे गुगल शीटवर ॲप उभं करणारं टूल. गुगलने ते जानेवारी २०२० मध्ये विकत घेतलं. त्यात रंग, लोगो आणि ठरावीक मांडण्या एवढंच आपल्या हातात असतं. माझी ग्रिड त्यात बसेना, पण खरी अडचण दुसरीकडेच निघाली. मी शीटमध्ये "पुस्तकं" नावाचा टॅब केला होता. त्यात शीर्षक, लेखक, आणि "उपलब्ध" असा हो/नाहीचा रकाना. भरायला म्हणून काकूंनी नोंदवही उघडली आणि वाचायला लागल्या. दाखल क्रमांक ११४, ११५, ११६, तिन्ही एकाच शीर्षकाचे. ११४ सभासदाकडे, ११५ बांधणीला गेलेली, ११६ हरवलेली आणि तिची भरपाई वसूल केलेली. त्यांनी पेन थांबवून विचारलं, "मग इथे हो लिहू की नाही?"

पुस्तक वेगळं आणि प्रत वेगळी. ग्रंथालयात काम करणाऱ्या कुणालाही हे विचारायची गरज पडत नाही; दाखल क्रमांक मुळातच प्रतीला दिलेला असतो. मला २२ स्क्रीन काढूनही ते दिसलं नव्हतं, कारण स्क्रीनवर ते दिसण्याची वेळच आली नव्हती. शेवटी टेबलं चार झाली: सभासद, पुस्तक, प्रत आणि देवघेव. देवघेवीच्या प्रत्येक ओळीत एक प्रत, एक सभासद, नेल्याची तारीख, परत आल्याची तारीख. परतीची तारीख रिकामी म्हणजे प्रत बाहेर आहे. बांधणीला गेलेली आणि हरवलेली यांच्यासाठी प्रतीच्या ओळीत "स्थिती" असा एक रकाना. "उपलब्ध" हा हातानं भरायचा रकाना काढूनच टाकला, कारण ते आता बाकीच्या नोंदींवरून आपोआप कळत होतं. माझ्या हिरव्या टॅगच्या जागी पाच वेगवेगळ्या अवस्था आल्या, आणि त्यातल्या दोन अवस्थांसाठी काकूंकडे शब्दही आधीपासून होते: "बांधणीत" आणि "गहाळ".

दोन टेबलांमधल्या अशा नात्याला ॲपशीटमध्ये रेफ म्हणतात, एअरटेबलमध्ये लिंक्ड रेकॉर्ड. बबलमध्ये एका डेटा टाइपमध्ये दुसऱ्या टाइपचा फील्ड टाकतात. नावं निराळी, गोष्ट तीच. एवढं पक्कं झालं की एका टूलवरून दुसऱ्यावर जायला आठवडा पुरतो. ते पक्कं नसेल तर पाच टूल्स शिकूनही प्रत्येक वेळी त्याच जागी अडकायला होतं.

पुढची अडचण ओळख पटवण्याची. प्रत्येक ओळीला ॲपशीट एक "की" मागतं, म्हणजे ती ओळ दुसरीशी गल्लत न होता ओळखता येईल असं काहीतरी. मी सभासदाचं नाव दिलं. वाचनालयात सौ. एस. कुलकर्णी दोन आहेत. दोघींची पुस्तकं एकाच खात्यावर दिसायला लागली आणि एकीला न नेलेल्या पुस्तकाबद्दल विचारणा झाली. मग मी मोबाइल नंबर घेतला. तर नवरा-बायको दोघं सभासद आणि दोघांनी दिलेला नंबर एकच. हे सगळं झाल्यावर काकूंनी एक कार्ड पुढे केलं. त्यावर वरच्या कोपऱ्यात सभासद क्रमांक छापलेला होता. तो पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता आणि मी त्याला कार्डाची सजावट समजले होते. तेव्हापासून कुठल्याही नव्या कामात मी आधी कागद मागते: पावती, कार्ड, रजिस्टर, जे वापरात असेल ते. त्यावर जे आकडे छापलेले असतात ते कुणीतरी कधीतरी अशीच गल्लत झाल्यावर घातलेले असतात.

तिसरी गोष्ट भाषेची आहे आणि मला ती सगळ्यात प्रिय आहे. मी "परत घ्या" आणि "नवीन द्या" असे दोन फ्लो केले होते. चार-चार स्क्रीनचे, नीटनेटके. संध्याकाळी साडेसहाला काउंटरवर उभी राहिले तेव्हा कळलं, की येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "पुस्तक बदलायचंय." परत करणं आणि नेणं ही लोकांच्या मनात एकच क्रिया आहे. काकू म्हणाल्या, "अगं, नुसतं परत करायला कोण येतं? वर्गणी बंद करणारा." मग "बदल" नावाची एकच ॲक्शन केली. सभासद क्रमांक टाकला की त्याच्याकडे काय आहे ते वर, नवीन काय द्यायचं ते खाली, आणि एक बटण. वर्गणी "एक पुस्तक, एक मासिक" अशी असेल तर दोन जागा. हा बदल फिग्मात करायला मला अर्धा दिवस लागला असता आणि तो बरोबर आहे की नाही हे कळायला महिना. इथे त्याच संध्याकाळी काउंटरवर चालवून बघितला.

दिवाळी अंकांच्या दिवसांत खरा कस लागला. ज्यांनी अशी योजना लावलेली नसेल त्यांच्यासाठी सांगते: वेगळी वर्गणी भरायची, एक अंक न्यायचा, दोन-तीन दिवसांत वाचून परत करायचा, दुसरा न्यायचा. गर्दी इतकी की काउंटरवर दोन फोन ठेवावे लागले. लोक विचारायचे, "हा मी वाचलाय का हो?" एरवी काकूंना पाठ असायचं, आता देवघेवीच्या जुन्या ओळींमधून ॲपच सांगायला लागलं. आणि मागणी असलेल्या अंकाला लोक "नंबर लावायचे". मी प्रतीच्या ओळीत "कुणासाठी राखीव" असा रकाना ठेवला होता. एका संध्याकाळी दोन फोनवरून, दोन मिनिटांच्या अंतराने, एकाच प्रतीवर दोन नावं लागली. पहिल्या फोनवरचा बदल दुसऱ्या फोनला तो सिंक होईपर्यंत कळलाच नव्हता, आणि नंतर लिहिलेलं नाव पहिल्यावर चढलं. दुसऱ्या दिवशी दोघंही हक्काने आले. काकूंना पहिल्या माणसाची माफी मागावी लागली, माझ्यामुळे.

उपाय छोटा होता, पण तो सुचायला टेबलात विचार करावा लागला. राखीव नाव प्रतीच्या ओळीत लिहायचंच नाही. "नंबर" असं वेगळं टेबल, आणि प्रत्येक मागणीची स्वतंत्र ओळ, वेळेसकट. दोन फोनवरून दोन ओळी आल्या तर त्या एकमेकींवर चढत नाहीत, एकीखाली एक लागतात. त्याबरोबर स्क्रीनवरचं वाक्यही बदललं. आधी "तुमच्यासाठी राखून ठेवलाय" असं होतं, ते "तुमचा नंबर लागलाय" असं केलं. पहिल्या वाक्यात जे वचन होतं ते यंत्रणेला पाळता येणार नव्हतं. यूएक्स रायटिंगचा, म्हणजे स्क्रीनवरचे शब्द लिहिण्याचा, याहून चांगला धडा मला कुठल्या कार्यशाळेत मिळालेला नाही.

जानेवारी उजाडेपर्यंत ॲप मंदावलं. प्रत्येक प्रतीची स्थिती दर वेळी देवघेवीच्या सगळ्या ओळी चाळून काढायचं सूत्र मीच लिहिलं होतं, आणि ओळी वाढत होत्या. मग जुन्या ओळी वेगळ्या शीटमध्ये हलवल्या आणि बदलाच्या वेळीच प्रतीची स्थिती लिहून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे आधी जे दर वेळी काढत होते ते आता साठवायला लागले. यात धोका असा, की साठवलेली स्थिती कधी खरी नसू शकते. म्हणून आठवड्यातून एकदा दोन्हींचा मेळ घालणारी तपासणी. बॅकएंडवाले, म्हणजे स्क्रीनमागची यंत्रणा सांभाळणारे डेव्हलपर, रोज हाच व्यवहार करत असतात. ऑफिसात आमच्या एका डेव्हलपरने पूर्वी "हा आकडा लाइव्ह दाखवायला महाग पडेल" असं म्हटलं होतं तेव्हा मला तो टाळतोय असं वाटलं होतं. त्या जानेवारीनंतर मी त्याच्याशी बोलताना विचारायला लागले, "पाच मिनिटं जुना आकडा दाखवला तर चालेल, किती स्वस्त पडेल?" आमच्या बैठका तिथून बदलल्या.

एवढं सविस्तर अशासाठी सांगितलं, की टूलच्या निवडीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. आता टूल्स.

सुरुवात ॲपशीट, ग्लाइड किंवा एअरटेबल यांपैकी एकाने करा. ज्याचं गुगल शीटशी जमतं त्याला ॲपशीट सोपं जातं आणि ते नेट नसतानाही चालतं; आपल्याकडे गोदामात, शेतावर, तळघरातल्या ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी हा मोठा गुण आहे. चाचणीपुरतं १० जणांपर्यंत ते मोफत वापरता येतं. ग्लाइडच्या स्क्रीन जास्त देखण्या असतात. एअरटेबल टेबलांचं नातं शिकायला सगळ्यात स्वच्छ, पण मोफत प्लॅनवर एका बेसमध्ये १००० च ओळी मावतात, म्हणून काकूंचं काम तिथे सुरूच करता आलं नसतं. या मर्यादा आणि किमती बदलत असतात. काम सुरू करण्याआधी त्या पानावर जाऊन बघायची सवय लावून घ्या. भारतीय पर्याय हवा असेल तर चेन्नईच्या झोहोचं क्रिएटर आहे.

ऑटोमेशनसाठी झॅपियर, मेक किंवा एन-एट-एन. यात शिकायचं ते "हे झालं की ते कर" एवढंच, आणि त्याहून जास्त महत्त्वाचं, "ते झालंच नाही तर काय" हे. मुदत संपलेल्या सभासदांना निरोप पाठवणारा झॅप (झॅपियरमधला असा एक नियम) एका दुपारी लिहून होतो. पण तोच निरोप चुकून दोनदा गेला तर? मधली पायरी बंद पडली आणि कुणालाच कळलं नाही तर? फिग्मातल्या फ्लोमध्ये बाण कधी तुटत नाही. इथे तो तुटलेला दिसतो, लाल रंगात, वेळ घालून. तो एकदा बघितला की तुमच्या फ्लोमध्ये एरर स्टेट, म्हणजे काही बिघडलं तर काय दिसेल त्या स्क्रीन, कुणी न सांगता यायला लागतात.

वेबफ्लो आणि फ्रेमर त्यानंतर. वेबफ्लो मी जास्त पसंत करते, कारण ते सीएसएस, म्हणजे वेबपानाचं दिसणं आणि मांडणी ठरवणारी भाषा, लपवत नाही. फिग्मात २०१९ मध्ये आलेलं ऑटो लेआउट वापरता तेव्हा तुम्ही सीएसएसमधली फ्लेक्सबॉक्स ही मांडणीची पद्धतच वापरत असता: दिशा, गॅप, पॅडिंग, संरेखन. वेबफ्लोत तेच शब्द खऱ्या नावांनी भेटतात आणि त्यांच्यासोबत क्लास, ब्रेकपॉइंट, ओव्हरफ्लो येतात. तिथे दोन महिने काम केलेल्या डिझायनरची फिग्मा फाइल डेव्हलपरला लगेच ओळखू येते; फ्रेममध्ये फ्रेम कारणाशिवाय नसते आणि "इथे मजकूर वाढला तर?" याचं उत्तर आधीच दिलेलं असतं. फ्रेमर लवकर हातात बसतं, फिग्मासारखंच दिसतं, आणि म्हणूनच त्यात नवीन विचार करायची वेळ कमी येते. पोर्टफोलिओ साइट दोन दिवसांत हवी असेल तर फ्रेमर बेधडक घ्या.

मराठी मजकुराचं काम करत असाल तर इथे थोडं थांबायला हवं, कारण या सगळ्या टूल्सची टेम्पलेटं रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. बऱ्याच टेम्पलेटांत शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर कमी-जास्त केलेलं असतं. देवनागरीत ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात; ते शून्यावर आणा. ओळींची उंची १.१ असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटी-रफारात अडकतात, शीर्षकाला १.३ आणि मजकुराला १.६ च्या आसपास ठेवून बघा. आणि साइटच्या सेटिंगमध्ये भाषेचा कोड असतो, तो इंग्रजीचा राहिलेला असतो. तो एमआर (mr) करा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे त्यात ल आणि श लगेच आपल्या ओळखीचे दिसायला लागतात, आणि स्क्रीन रीडरलाही कळतं की हे मराठीत वाचायचं आहे. शोधाच्या चौकटीचंही असंच. काकूंचे सभासद ऱ्हस्व-दीर्घ हवं तसं टाइप करतात आणि निम्मे जण रोमनमध्येच. म्हणून पुस्तकाच्या टेबलात शीर्षकाचा रोमन लिपीतला एक जादा रकाना ठेवला, जो स्क्रीनवर कधीच दिसत नाही पण शोधात सापडतो.

बबल आणि फ्लटरफ्लो ताकदवान आहेत आणि दोन्हींना वेळ लागतो. बबलमध्ये डेटा, वर्कफ्लो आणि स्क्रीन सगळं एकाच ठिकाणी असतं. त्याची वळणं समजायला मला तीन महिने लागले. स्वतःचं प्रॉडक्ट काढायचं असेल किंवा स्टार्टअपमध्ये पहिल्या ग्राहकांसमोर काहीतरी चालतं ठेवायचं असेल तर ते तीन महिने द्या. नाहीतर ॲपशीट, एक ऑटोमेशन टूल आणि वेबफ्लो एवढ्यावर प्रॉडक्ट डिझायनरचं काम भागतं.

दोन गोष्टींबद्दल मी कुणालाच सूट देत नाही. पहिली, लोकांची माहिती. वाचनालयाच्या शीटमध्ये साडेतीनशे जणांचे फोन नंबर आणि पत्ते होते, आणि कोण काय वाचतं हेही. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झालेला आहे. पण कायदा नसता तरी जबाबदारी होतीच. नो-कोडमध्ये नेहमी होणारी चूक अशी, की स्क्रीनवरून लपवलं म्हणजे सुरक्षित झालं असं वाटतं. ॲपशीटमध्ये स्लाइस लावून ओळी दिसेनाशा करता येतात, पण त्या फोनपर्यंत पोचू नयेत म्हणून सिक्युरिटी फिल्टरच लावावा लागतो. बबलमध्ये त्यासाठी प्रायव्हसी रूल आहेत. ते नीट न लावता ॲप लोकांच्या हातात दिलं तर ब्राउझरची थोडी माहिती असलेला माणूस स्क्रीनवर न दिसणारी माहितीही बघू शकतो. चाचणी करताना खऱ्या सभासदांची नावं वापरू नका. माझ्या पहिल्या शीटची लिंक "ज्याच्याकडे लिंक आहे तो बघू शकतो" अशी दहा दिवस उघडी होती. कुणी बघितली नाही, पण ती माझी चूक होती आणि मी ती काकूंना सांगितली.

दुसरी गोष्ट, टूल उद्या बंद पडलं तर. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेलं पार्स, ॲपसाठी तयार बॅकएंड पुरवणारी सेवा, जानेवारी २०१७ मध्ये बंद झालं. गुगलचं ॲप मेकर जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं, आणि ते बंद करण्याची घोषणा गुगलने ॲपशीट घेतलं त्याच महिन्यात झाली होती. बबलमध्ये केलेलं ॲप कोड म्हणून बाहेर काढता येत नाही. फ्लटरफ्लो फ्लटरचा कोड देतं. वेबफ्लो पानांचा कोड देतं, पण त्यातला सीएमएस, म्हणजे साइटचा मजकूर साठवणारा भाग, त्या कोडसोबत चालत नाही. म्हणून माहिती तरी आपल्या ताब्यात हवी. काकूंकडे दर महिन्याच्या एक तारखेला सगळी शीट्स सीएसव्ही (कुठल्याही टूलमध्ये उघडणारी साधी फाइल) करून पेनड्राइव्हवर जातात, आणि दाखल नोंदवही अजूनही हाताने लिहिली जाते. ती बंद करा असं मी कधी म्हटलं नाही.

तुमच्या मनात असेल, की एआय सगळं लिहून देत असताना हे कशाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी "व्हाइब कोडिंग" (साध्या भाषेत सांगून एआयकडून कोड लिहून घेणं) हा शब्द वापरला आणि तेव्हापासून फिग्मा मेकसारखी टूल्स एका परिच्छेदावरून चालतं ॲप काढून देतात. मीही वापरते, आणि प्रोटोटाइपसाठी ती फार चांगली आहेत. पण मध्ये कुतूहल म्हणून अशाच एका टूलला वाचनालयाचं वर्णन दिलं. चार मिनिटांत देखणी स्क्रीन आली. आत जाऊन टेबल बघितलं, तर "पुस्तकं", आणि त्यात "उपलब्ध: हो/नाही". माझीच पहिल्या रविवारची चूक. मी पुढच्या वाक्यात प्रतीबद्दल सांगितलं आणि त्याने ते नीट केलं. ते वाक्य लिहिता येणं, हेच तुम्हाला शिकायचं आहे.

वेळेचं म्हणाल, तर आठवड्याला पाच-सहा तास धरून तीन-चार महिने. त्यातला पहिला आठवडा टूल उघडूच नका. आपल्या आजूबाजूचं एक खरं काम निवडा, ज्यात एक खरा माणूस रोज काहीतरी लिहून ठेवतो. सोसायटीतली पाहुण्यांची वही, खानावळीचे डबे, शिकवणीची फी, गणेश मंडळाच्या पावत्या. त्या माणसाकडून त्याचे कागद मागून घ्या आणि टेबलं कागदावर काढा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते ॲपशीट किंवा ग्लाइडमध्ये उभं करा. मग तिथून किमान दोन महिने ते त्या माणसाला वापरू द्या आणि त्याच्या तक्रारी लिहून ठेवा. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात, ॲप दिसायला लागल्यावर, थांबतात आणि दुसरं टूल घेतात. खरं शिक्षण त्यानंतरच्या दोन महिन्यांत असतं. वेबफ्लो त्या काळात बाजूला चालू ठेवता येतं.

मुलाखतीत आणि पोर्टफोलिओत काय दाखवायचं, हेही यातूनच ठरतं. मी डिझायनर घेताना "टूल्स: बबल, वेबफ्लो, ग्लाइड" या ओळीवरून नजर पुढे नेते. पण कुणी टेबलांचा कागद दाखवला, पहिल्या आणि तिसऱ्या महिन्यातला, आणि मधल्या काळात काय फसलं ते सांगितलं, तर मी त्याच्याशी तासभर बोलते.

डेव्हलपरांशी वागताना मात्र एक सांभाळा. "हे मी ग्लाइडमध्ये दोन तासांत केलं" हे वाक्य त्यांच्यासमोर कधी बोलू नका. दहा जणांसाठी दोन तासांत झालेलं काम दहा लाखांसाठी तसंच होत नाही, आणि ते ऐकून समोरचा माणूस दुखावतो. त्याऐवजी चालतं मॉडेल त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, "यात तुम्हाला कुठे अडचण दिसते?" मला आजवर मिळालेली सगळ्यात उपयोगाची टीका याच प्रश्नाला मिळाली आहे.

राहिला कोर्स. वेबफ्लोचे स्वतःचे धडे मोफत आहेत आणि उत्तम आहेत, ॲपशीट आणि बबल यांची कागदपत्रंही पुरेशी आहेत. पंचवीस हजार हातात असतील तर त्यातले काही तुम्ही निवडलेल्या माणसासाठी टूलचा पैसे भरून मिळणारा प्लॅन घ्यायला वापरा, म्हणजे त्याचं काम अर्ध्यात थांबणार नाही. एकट्याने बसणं जमत नसेल आणि सोबत हवीच असेल, तर कोर्सवाल्यांना पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: डेटाच्या टेबलांवर किती तास देणार, आणि शेवटी माझं ॲप कोण वापरत असेल? पहिल्याचं उत्तर "पहिल्याच सेशनमध्ये उरकतो" आणि दुसऱ्याचं "पोर्टफोलिओसाठी आहे" असं आलं, तर पैसे भरू नका.